गेमिंग लॅपटॉपमध्ये पुढे नवे भाग बसवायचे आहेत? या चुका टाळा

२०२२ च्या पावसाळ्यात माझ्या पुतण्याला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला आणि त्याच्यासाठी गेमिंग लॅपटॉप घ्यायला आम्ही दोघे नाशिकमधल्या एका दुकानात गेलो. समोर दोन पर्याय होते. एकात ६ जीबी मेमरीचे आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स आणि ५१२ जीबीची एसएसडी (फायली साठवणारा ड्राइव्ह) होती, तर दुसऱ्यात ४ जीबीचे आरटीएक्स ३०५० आणि १ टीबीची एसएसडी होती. दुसरा थोडा स्वस्तही होता. "ग्राफिक्स कार्ड काय, दोन वर्षांनी बदलून देऊ," असे विक्रेत्याने सांगितले आणि घरच्या डेस्कटॉपचे कार्ड मी स्वतः बदललेले असल्यामुळे मलाही ते पटले. नव्या गेमना ४ जीबी अपुरी पडू लागली, तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, आता कार्ड बदलून घेऊ या." लॅपटॉप उघडल्यावर कळले की काढून बदलता येईल असे कार्ड त्यात मुळात नव्हतेच. एसएसडी मात्र आम्हाला केव्हाही वाढवता आली असती.

जे बदलता येत नाही त्यात काटकसर करायची आणि जे सहज बदलता येते त्यावर आधीच पैसे घालवायचे, ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. आजच्या जवळपास प्रत्येक गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डवर, सोल्डर केलेल्या (डाख देऊन कायमच्या जोडलेल्या) असतात. पूर्वी असे नव्हते. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंत अनेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर सॉकेटमध्ये बसत असे आणि काही महागड्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्ससाठी एमएक्सएम प्रकारचे वेगळे मॉड्यूल असे. पुढे लॅपटॉप पातळ झाले, दोन्ही चिपा एकाच उष्णतावाहक नळ्यांच्या रचनेखाली आल्या आणि वीजपुरवठा, कूलिंग व बायोस (लॅपटॉप सुरू करणारी मूळ प्रणाली) हे सगळे त्या एका चिपच्या मापाने बेतले जाऊ लागले. त्यामुळे कोणी जुनी चिप काढून नवी सोल्डर करून दिली, तरी बाकीची यंत्रणा तिला साथ देईलच असे नाही. फ्रेमवर्क कंपनीच्या १६ इंची लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सचे मॉड्यूल बदलता येते. त्यासाठी २०२५ मध्ये आरटीएक्स ५०७० चे मॉड्यूलही आले, पण हा अपवाद आहे. वरच्या मॉडेलचा संपूर्ण मदरबोर्ड आणून बसवणे काही वेळा शक्य असते, परंतु तो खर्च जुना लॅपटॉप विकून नवा घेण्याच्या जवळ जातो, म्हणून मी तो मार्ग कोणालाही सुचवणार नाही.

ग्राफिक्सचे केवळ नाव पाहून निर्णय घेणे, ही याच चुकीची धाकटी बहीण म्हणावी लागेल. लॅपटॉपमधील आरटीएक्स ४०६० ही चिप उत्पादक ३५ ते ११५ वॅटपर्यंत कोणत्याही मर्यादेवर चालवू शकतो आणि त्यानुसार तिच्या कामगिरीत मोठा फरक पडतो. ही मर्यादा पुढे रॅम वाढवून भरून निघत नाही, त्यामुळे वॅटचा आकडा खरेदीपूर्वीच विचारून घ्यावा.

रॅम, म्हणजे चालू कामासाठीची मेमरी, हा वाढवण्याजोगा भाग आहे खरा, पण तिथेही गृहीत धरून चालत नाही. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरात आहेत ते दिसते आणि खाली फॉर्म फॅक्टरही (रॅमचा बांधणीप्रकार) दिलेला असतो. तिथे 'एसओडिम' असेल तर रॅम काढता-घालता येते. 'रो ऑफ चिप्स' असेल किंवा माहितीपत्रकात एलपीडीडीआर५ लिहिलेले असेल, तर ती सहसा सोल्डर केलेली असते. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्यांच्या पट्ट्यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, त्यामुळे एक दुसरीच्या जागी बसत नाही आणि जोर लावला तर स्लॉट तुटतो. वेगवेगळ्या गतीच्या दोन पट्ट्या लावल्यास दोन्ही कमी गतीच्या पट्टीप्रमाणे चालतात. ८ जीबीच्या एकाच पट्टीवर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये तशीच दुसरी पट्टी घातली की क्षमता वाढतेच, शिवाय मेमरीचे दोन चॅनेल (माहितीचे मार्ग) एकाच वेळी सुरू होऊन अनेक गेममधले मधूनच अडखळणे कमी होते. कमी खर्चात इतका उपयोगी बदल मला दुसरा माहीत नाही.

नवी रॅम घातल्यावर पडदा काळाच राहिला, की बहुतेक जण घाबरून पॉवरचे बटण पुन्हा पुन्हा दाबतात. डीडीआर५ मध्ये पहिल्यांदा चालू करताना यंत्रणा नव्या मेमरीची जुळवाजुळव करते आणि त्याला काही मिनिटे लागू शकतात, तेव्हा चार्जर लावून दहा मिनिटे थांबावे. तरीही काही दिसले नाही, तर लॅपटॉप बंद करून, बॅटरीची जोडणी काढून पट्टी पुन्हा तिरकी सरकवावी आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या 'टक्' आवाज करून बसेपर्यंत दाबावी. त्यानंतर एकेक पट्टी एकेका स्लॉटमध्ये लावून पाहिली, की दोष पट्टीत आहे की स्लॉटमध्ये, ते कळते.

एसएसडी घेताना लांबी पाहिली जात नाही. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. काही लॅपटॉपमधला दुसरा स्लॉट फक्त २२४२ चा असतो. डेस्कटॉपसाठीची, वर जाड हीटसिंक (उष्णता शोषणारा धातूचा तुकडा) असलेली एसएसडी आणली तर मागचे झाकण लागत नाही. नवी एसएसडी बसवूनही 'धिस पीसी'मध्ये दिसत नसेल, तर ती खराब आहे असे समजून दुकानात धाव घेऊ नये. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ती इनिशियलाइझ (वापरासाठी तयार) करून पार्टिशन, म्हणजे साठवणीचा विभाग, तयार करावे लागते. विंडोज नव्याने टाकताना ड्राइव्हच दिसत नाही, ही तक्रार इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपवर आढळते आणि तिचे नेहमीचे कारण व्हीएमडी, म्हणजे इंटेलची ड्राइव्ह हाताळणारी सोय, हे असते. इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हमधून दिला की ड्राइव्ह दिसू लागतो. मात्र या सगळ्याच्या आधी बिटलॉकरची (विंडोजमधल्या, ड्राइव्ह कुलूपबंद करणाऱ्या एन्क्रिप्शनची) ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवावी. अनेक लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप सुरू झालेले असते आणि हार्डवेअर किंवा बायोसमध्ये फेरफार झाल्यावर ती की मागितली जाते. ती नसेल, तर चार वर्षांचे प्रकल्प आणि फोटो हाताशी असूनही उघडत नाहीत.

वायफाय कार्डही बदलता येते, परंतु इंटेलचे एएक्स२०१ किंवा एएक्स२११ हे कार्ड एएमडीच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये चालत नाही. तिथे एएक्स२१० घ्यावे लागते.

लॅपटॉप उघडण्याची वेळही विचारपूर्वक निवडावी. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतल्या कोरड्या थंडीत लोकरी स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तीच स्थिर वीज रॅमच्या चिपला निकामी करू शकते. सुती कपडे घालून, गालिचावर न बसता, साध्या लाकडी टेबलावर काम करावे आणि भागांना हात लावण्याआधी अर्थिंग असलेल्या एखाद्या धातूच्या वस्तूला स्पर्श करावा. स्क्रू लहानमोठ्या लांबीचे असतात, म्हणून झाकणाचे चित्र कागदावर काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवावा; लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळला तर कीबोर्डच्या बाजूने फुगवटा येतो.

शेवटची चूक उष्णतेची. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, पंख्यांत वर्षभराची धूळ अडकलेली असते आणि प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो; त्याला आपण 'लॅपटॉप जुना झाला' म्हणतो आणि नवे भाग शोधू लागतो. आधी धूळ काढून आणि थर्मल पेस्ट (चिपची उष्णता कूलिंगकडे नेणारा लेप) बदलून पाहावे. पेस्टच्या जागी लिक्विड मेटल असेल, तर मात्र घरी उघडू नये, कारण तो वीजवाहक असतो आणि मदरबोर्डवर त्याचा एक थेंब सांडला तरी शॉर्ट होऊ शकते. पुतण्याच्या लॅपटॉपमध्ये साधी पेस्टच होती. आम्ही ती बदलली, रॅमची दुसरी पट्टी घातली आणि गेममधले टेक्श्चर (पृष्ठभागांच्या चित्रांचा दर्जा) मध्यम ठेवले. ग्राफिक्सच्या त्याच ४ जीबीवर त्याने शेवटचे वर्ष काढले.