दहावीचा फोटो आणि ट्यूबलाइटचा पट्टा

दहावीच्या निरोप समारंभाचा आमचा फोटो लॅमिनेट केलेला. सिंहगडावर जमायच्या आधी तो ग्रुपवर टाक, असा सगळ्यांचा धोशा. मोबाइलने काढला, तर मधल्या रांगेवर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा आणि सरांच्या चेहऱ्यावर माझाच हात, मोबाइलसकट! फ्लॅश लावला तर आणखीच वाट लागली.

शेवटी दिवे बंद केले. फोटो खिडकीजवळ टेबलावर आडवा ठेवला, थेट ऊन पडणार नाही असा. उजेड फक्त एका बाजूने. चकाकी म्हणजे समोरच्या उजळ वस्तूंचं प्रतिबिंब, म्हणून बायकोची काळी ओढणी मोबाइलभोवती ताणून धरायला मुलाला उभं केलं. (भोक पाडायचा विचार आला होता, पण घरात शांतता हवी.) जरा उंचावरून, २एक्स झूमवर काढला, म्हणजे कडा वाकत नाहीत. हात हलू नये म्हणून टायमर.

तरी ग्रुपवर चेहरे पुसटच! व्हॉट्सॲप फोटो लहान करून पाठवतं ना. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला आणि पाच मिनिटांत प्रश्न आला, ‘अरे, माझ्या शेजारी डोळे मिटून उभा तो कोण रे?’

मीच तो.