दुसऱ्या बाईकचं हँडल आपल्या बाईकला बसवताना

ठाण्याहून फोर्टला रोज बाईकने जाणाऱ्याची मनगटं सायन यायच्या आधीच कुरकुरायला लागतात. मग कुणीतरी सांगतं, "अमक्या बाईकचं हँडल टाक, मस्त बसतं." टाका, पण आधी क्लॅम्पचे, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या पकडीचे, बोल्ट सैल करून आहे तेच हँडल जरासं आपल्याकडे फिरवा, पुन्हा घट्ट आवळा आणि आठवडाभर चालवा. बऱ्याच जणांचं काम इथे फुकटात होतं.

नाहीच जमलं तर मापं घ्या. क्लॅम्प हँडलला जिथे धरतो तिथली जाडी व्हर्नियरने (जाडी मोजायच्या सरकत्या पट्टीने) मोजा: साधारण 22, 25.4 किंवा 28.6 मिमी. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुनं हँडल घ्यायला गेलात तर व्हर्नियर खिशात असू द्या, नजरेला 22 आणि 25.4 सारखेच वाटतात. हँडल क्लॅम्पपेक्षा बारीक निघालं तर मधली फट पत्रा गुंडाळून भरायचा सल्ला मिळेल. ऐकू नका. वेल्डिंग केलेलं किंवा पिळलेलं हँडलही नको.

नुसती उंची हवी असेल तर रायझर, म्हणजे आहे तेच हँडल वर उचलणारे ठोकळे. त्याचे लांब बोल्ट 8.8 ग्रेडचे (हा बोल्टच्या मजबुतीचा आकडा) घ्या. बोल्टच्या जाडीच्या दीडपट आटे आत गेले पाहिजेत, म्हणजे 8 मिमीच्या बोल्टला 12 मिमी.

खोलण्याआधी केबल कुठून कशी जाते त्याचे फोटो काढा. टाकीवर जुनी चादर टाका, कारण ब्रेक ऑइल सांडलं की रंग गेलाच. ऑइलची डबी उभीच राहू द्या, आडवी झाली की लाइनमध्ये हवा शिरते. ग्रिपखाली साबणाचं पाणी सोडलं की ती निघते. स्विचच्या आतल्या पिनसाठी नव्या हँडलला भोक पाडावं लागेल. फक्त एकाच बाजूने पाडा, आरपार नाही. क्लॅम्पवर खूण असेल तर ती पुढे ठेवून मॅन्युअलप्रमाणे आवळा.

खरी परीक्षा यापुढे. बाईक स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. इंजिनचा आवाज चढला तर एक्सलेटरची केबल ताणली जातेय. मी एकदा रायझर टाकून ही पायरी गाळली. पार्किंगमधून वळताना हँडल पूर्ण फिरलं आणि बाईक आपणहून पुढे धावली, ती थेट वॉचमनच्या खुर्चीवर. सुदैवाने तो चहाला गेला होता. केबल दुसऱ्या वाटेने ओढून बघा, नाहीतर लांब केबल घ्या. ब्रेकचा होज (ऑइलची नळी) टोकाला ताठ होत असेल तर तोही लांब हवा. अंगठा टाकी आणि हँडलमध्ये चेमटत नाही ना, क्लच लिव्हरला 2-3 मिमी ढील आहे ना, हेही इथेच बघून घ्या.

पहिली फेरी गल्लीतच मारा. शंभरेक किलोमीटर झाले की बोल्ट पुन्हा तपासा. पावसाळ्यात त्याहीआधी, खड्डे मोजून संपत नाहीत.