उन्हाळ्यात पिल्लांचा बल्ब असा सोडवला

एप्रिलमध्ये अकोल्यात दुपारी पारा ४० च्या वर जातो. गिरिराजा जातीच्या कोंबडीची आठवड्याची पिल्लं उबेच्या बल्बपासून लांब, चिकगार्डला (भोवतीच्या गोल कुंपणाला) चिकटून बसायची. चोच उघडी, पंख सैल. हिशोब असा, की पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. शेडच त्याहून तापलेलं असेल तर दिवसा बल्ब कशाला? बंदच केला. रात्री कमी वॅटचा लावून दोरीने वर घेत गेलो.

खरी कसोटी पहाटेची. तेव्हा जाऊन बघायचो: चिवचिवाट करत एकमेकांवर चढली असतील तर गारठा, पसरून निवांत झोपली असतील तर उत्तम. पाठीवर पिसं भरल्यावर रात्रीचाही काढला. एकदम अंधार झाला की बिचारी घाबरून एकाच जागी दाटतात, खालची गुदमरतात. म्हणून सुरुवातीला झिरोचा दिवा ठेवला.