जुन्या डॉस गेमचं म्युझिक नीट ऐकायचंय?

नाशिकात एमजी रोडवर जुनं साउंड कार्ड विचारत फिरू नका, दुकानदार नुसता तोंडाकडे बघत राहील. सरळ डॉसबॉक्स टाका (आजच्या कॉम्प्युटरवर जुने डॉस गेम चालवणारं सॉफ्टवेअर), गेमच्या फोल्डरमधलं सेटअप चालवा आणि साउंड ब्लास्टर हे त्या काळचं साउंड कार्ड निवडा, पोर्ट 220, आयआरक्यू (कार्डने प्रोसेसरला हाक मारायची लाइन) 7, डीएमए (मेमरीतून थेट आवाज उचलायचा मार्ग) 1, बास. आयआरक्यू चुकला की बऱ्याचदा म्युझिक येतं पण गोळीबाराचे आवाज गायब, कारण म्युझिक वाजवते यामाहाची ओपीएल चिप आणि तिला आयआरक्यू लागतच नाही. 1987 च्या अ‍ॅडलिब साउंड कार्डवर हीच चिप होती, एका वेळी जेमतेम 9 सूर, रेकॉर्ड केलेले आवाज वगैरे काही नाही. 1989 ला साउंड ब्लास्टरने तीच ठेवून वर रेकॉर्ड केलेले आवाज दिले. डूम हा गोळीबाराचा गेम दोन्हीवर ऐका, अ‍ॅडलिब आणि जनरल मिडी (ठरलेल्या वाद्यांच्या यादीवर म्युझिक वाजवायची पद्धत). मला तरी खरखरीत अ‍ॅडलिबच आवडतं. आणि हेडफोन लावा हां, लॅपटॉपच्या स्पीकरवर बेस कळतच नाही.