हुआ हिनला लग्नाला जाताय? मग बँकॉक आधी फिरून घ्या

लग्नानंतर फिरू म्हटलं की होत नाही, सगळे दमलेले असतात, बॅगा फुगलेल्या असतात आणि शेवटचा दिवस नुसता झोपण्यात जातो. म्हणून उलटं करा, थायलंडमधल्या हुआ हिन या समुद्रकाठच्या गावी पोचायच्या दोन दिवस आधी बँकॉकला उतरा.

तिकीट काढायच्या आधीच यजमानांना विचारा की पाहुण्यांची बस एअरपोर्टवरून कधी आणि कुठून सुटणार. बहुतेक वेळा ती सुवर्णभूमी या बँकॉकच्या मुख्य एअरपोर्टवरूनच असते, मग हॉटेल फाया थाई स्टेशनजवळ घ्या, तिथून एअरपोर्टची रेल्वे साधारण अर्ध्या तासात पोचवते, म्हणजे फिरून झालं की सामान घेऊन सरळ बसपाशी. हुआ हिनपर्यंतचा जवळपास २०० किलोमीटरचा टॅक्सीखर्च वाचतो ना! फक्त बँकॉकला डॉन मुआंग नावाचा दुसरा एअरपोर्टही आहे, बस कुठल्या एअरपोर्टवरून आहे ते नीट बघा.

लग्नाचे कपडे एकाच बॅगेत भरा आणि ती हुआ हिनपर्यंत उघडूच नका. दागिने मात्र हातातल्या बॅगेत.

ग्रँड पॅलेस सकाळी उघडताच गाठा, नंतर ऊन आणि गर्दी दोन्ही सोसत नाही, मग चालत ‘वाट फो’ मंदिर आणि होडीने नदीपलीकडे ‘वाट अरुण’ मंदिर. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, साधा कुर्ता-सलवार उत्तम, आईबाबांसाठी तर तेच बरं.

एक सांभाळा, थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोचायच्या आधीच्या ३ दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं आणि ते फुकट आहे, पैसे मागणारी साईट दिसली तर लगेच बंद करा.