व्हर्जिनियातलं जुनं घराणं शोधताना शेजारीही वाचा

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या इंग्रजांच्या वसाहतीत 1618 पासून नियम असा होता, की जो स्वखर्चाने माणूस आणेल त्याला माणशी 50 एकर जमीन. म्हणून जमिनीच्या पट्ट्यात, म्हणजे जमीन दिल्याच्या सरकारी दस्तात, मालकाखेरीज त्याने आणलेल्यांची नावंही बऱ्याचदा सापडतात. ज्यांची इतर कुठेच नोंद उरली नाही अशा गरीब नोकरांचीसुद्धा. मात्र पट्ट्याची तारीख म्हणजे येण्याची तारीख धरू नका. हे 50 एकरांचे हक्क विकले जात, राखून ठेवले जात, आणि एकाच माणसापोटी दोघांनी जमीन घेतल्याचेही दाखले आहेत.

खरा खजिना चतुःसीमेत असतो. आपल्या खरेदीखतासारखीच तिथेही ओढा, ओकचं झाड, शेजाऱ्याचं नाव. अंतर ‘पोल’मध्ये; एक पोल म्हणजे 16.5 फूट. आकृती कागदावर काढा आणि शेजाऱ्यांचे पट्टेही शोधून तिला जोडा. सोयरीक पुष्कळदा बांधापलीकडेच व्हायची. कुठेही न मिळालेलं सुनेचं माहेर तिथे हाती लागू शकतं.

पट्ट्यांच्या वह्या रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. नॉर्दर्न नेक भागाच्या वह्या वेगळ्या आहेत, कारण तिथली जमीन खासगी मालकीच्या जहागिरीतून दिली जाई. त्या विसरू नका.