इसे जिंगू: आधी गेकू, मग नाइकू

जपानमधल्या इसे जिंगू या शिंतो तीर्थस्थानात मुख्य देवस्थानं दोन. अन्नदेवता तोयोउके हिचं गेकू आणि सूर्यदेवी आमातेरासूचं नाइकू. क्रम हाच, वेळ वाचवायला अनेकजण थेट नाइकू गाठतात, पण रीत तशी नाही.

नागोयाहून किंतेत्सु रेल्वेने इसेशी स्टेशनला उतरा, गेकू तिथून पाच मिनिटं चालत. जेआरचा (जपान रेल्वेचा) पास असला तरी जेआरची मिए रॅपिड ही गाडी काही अंतर खासगी इसे रेल्वेच्या रुळांवरून धावते, तेवढं भाडं वेगळं पडतं. मंदिरांचे दरवाजे पहाटे ५ ला उघडतात. गेकू ते नाइकू बसने पंधरा-वीस मिनिटं.

तोरीपाशी, म्हणजे कमानीपाशी, थांबून किंचित झुका. गेकूत वाटेच्या डाव्या कडेने चालायचं, नाइकूत उजव्या. मधला भाग देवाचा. चपला काढायच्या नाहीत! खडीवरून बरंच चालायचं असतं, तेव्हा बूटच घाला.

दर्शनाआधी कुंडावर हात धुणं एकाच ओगराळ्यात उरकायचं. उजव्या हाताने ते भरून डावा हात धुवा, हात बदलून उजवा. मग पुन्हा उजव्या हातात घेऊन डाव्या ओंजळीत पाणी ओता आणि त्याने चूळ भरा. ओगराळं तोंडाला लावायचं नाही, चूळही कुंडात टाकायची नाही. डावा हात परत धुवा. शेवटी ओगराळं उभं धरा, म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळून तोही धुतला जातो. पहिल्यांदाच सगळं पाणी ओतून टाकलं की इथे पंचाईत होते. नाइकूत इसुझु नदीच्या काठावरच हात धुता येतात.

मुखदर्शनाची अपेक्षा नको. समोर पांढरा पडदा, वाऱ्याने हलला तर आतलं अंगण दिसेल, तेवढंच. घंटा, नारळ, प्रदक्षिणा काही नाही. दोनदा कमरेतून वाका, दोन टाळ्या वाजवा, हात जोडा, पुन्हा एकदा वाका. नाइकूच्या दगडी पायऱ्यांखालूनच फोटो काढा, वर मनाई आहे. मुख्य मंदिरात फक्त आभार मानायचे अशी रीत आहे. नवस-मागणं असेल तर नाइकूत मागच्या आरामात्सुरी-नो-मिया या उपमंदिरापाशी. गेकूत त्यासाठी ताका-नो-मिया आहे.

मंदिराशेजारची मोकळी जागा पडीक समजू नका. दर २० वर्षांनी शेजारच्या जागेत नवं मंदिर उभारतात. मागचं २०१३ साली झालं, पुढचं २०३३ ला.

परतताना नाइकूच्या दारातला उजी पूल ओलांडला की ओहाराइमाची गल्लीत १७०७ पासूनचं अकाफुकु या मिठाईचं दुकान लागतं. तांदळाच्या मऊ मोचीवर (चिकट गोळ्यावर) लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड पुरण, त्यावर बोटांनी उमटवलेल्या रेघा: त्या इसुझुच्या लाटा. दुकान पहाटे ५ लाच उघडतं.